जुन्या 'आउटरन'च्या धर्तीवर खान्देशातील रस्त्यांचा खेळ : पट्टे उलटे सरकतात आणि टेकडीआडची झाडे दिसतात

प्रश्न : पांझराकाठ, धुळे

सर्वांना नमस्कार. सेगा कंपनीने १९८६ साली आणलेल्या 'आउटरन' या गाडी पळवण्याच्या खेळाच्या धर्तीवर, पण आपल्या खान्देशातील रस्ते घेऊन, एक लहानसा खेळ मी गेल्या दीड वर्षापासून लिहीत आहे. मी व्यवसायाने प्रोग्रामर नाही. शेती अवजारांच्या एका दुकानात हिशेब पाहतो आणि रात्री जेवणानंतर तासभर या कामाला बसतो. कोणत्याही संगणकावर काही न बसवता चालावा म्हणून खेळ ब्राउझरसाठी, जावास्क्रिप्टमध्ये लिहिला आहे.

मूळ खेळाची रचना मी तशीच ठेवली आहे. म्हणजे एकूण १५ टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी डावा किंवा उजवा फाटा, आणि एका डावात पाचच टप्पे पार करायचे. सुरुवात अर्थातच धुळ्याहून आहे, कारण मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग येथेच एकमेकांना छेदतात आणि फाटे फोडण्यासाठी याहून सोयीचे गाव नाही. शेवटची पाच ठिकाणे तोरणमाळ, पळासनेर, पाल, मुक्ताईनगर आणि पाटणादेवी अशी धरली आहेत.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. रस्त्याच्या कडेला मी एक मीटर लाल आणि एक मीटर पांढरा असे पट्टे रंगवले आहेत. गाडीचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास गेला की हे पट्टे मागे येण्याऐवजी उलटे, म्हणजे पुढे पळू लागतात, आणि ताशी २९३ या कमाल वेगाला तर गाडी मागे चालल्याचा भास होतो. दुसरे असे की, जळगावच्या एका मित्राने महागडा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा, पडदा घेतला आहे. त्याच्याकडे हाच खेळ भलत्याच वेगाने चालतो. माझ्याकडे जो टप्पा वेळेत पार होता होत नाही, तो त्याच्याकडे निम्म्याहून अधिक वेळ शिल्लक ठेवून संपतो. तिसरी अडचण लळिंगच्या घाटातली आहे. चढ संपून रस्ता पलीकडे उतरतो तेथील लिंबाची झाडे चढाच्या आरपार दिसतात, जणू घाट काचेचा आहे. शिवाय वळणावर गाडी सांडलेल्या तेलावरून जात असल्यासारखी बाहेर घसरते, आणि हे अगदी हळू चालवतानाही होते.

पुण्यात शिकणारा माझा भाचा म्हणतो की, हे ओळी-ओळींनी, म्हणजे पडद्यावरची एकेक आडवी ओळ रंगवत, रस्ता काढणे सोडून द्यावे आणि तयार त्रिमिती इंजिन (खोली असलेले दृश्य स्वतः काढणारी प्रणाली) घ्यावे, म्हणजे हे प्रश्नच उरणार नाहीत. दीड वर्षाचे काम टाकून द्यायला मन धजत नाही. परंतु त्याचे म्हणणे बरोबर असेल तर ते आताच कळलेले बरे. खेळाचा दुवा सोबत दिला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : भुसावळकर

मला प्रोग्रामिंगमधले काही कळत नाही, तरीही लिहितो, कारण हा खेळ मी भरपूर खेळलेला आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे स्टेशनापासून पायी पाच मिनिटांवर एका गाळ्यात चार यंत्रे होती. त्यातल्या एकाला स्टिअरिंग, पायाशी दोन पेडल आणि उजव्या हाताला गिअरचा दांडा होता. वरचे नाव केव्हाच घासून गेले होते, त्यामुळे आम्ही सगळे त्याला नुसता 'चाकाचा खेळ' म्हणत असू. 'आउटरन' हे त्याचे नाव आहे हे मला पुष्कळ वर्षांनी, संगणकावर त्याचे चित्र पाहिले तेव्हा समजले. दांड्याची मूठ निघालेली होती आणि तिच्या जागी सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवलेली होती, हे आजही हाताला आठवते.

तुम्ही खेळाची रचना ठेवली आहे, पण त्याचा जीव ठेवला आहे का, हे एकदा तपासावे. त्या खेळात कोणी प्रतिस्पर्धी नव्हता आणि 'जीव संपले' असा प्रकारही नव्हता. गाडी झाडावर आदळली, उलटली, आतली दोन माणसे बाहेर फेकली गेली, तरी खेळ पुढे चालूच राहायचा; जायचा तो फक्त वेळ. सगळी भीती त्या वर दिसणाऱ्या उलट्या मोजणीची होती. गिअर दोनच, खालचा आणि वरचा. खालच्यात गाडी चटकन उचलायची, वरच्यात पळायची. आदळल्यावर जो घाबरून वरच्याच गिअरवर बसून राहायचा त्याचा रुपया वाया जायचा.

म्हणून माझे मत असे की, गाडी खरी दिसावी यासाठी इंजिन बदलण्याच्या फंदात पडू नये. त्या यंत्रावरची गाडी खरी कधीच वाटत नव्हती आणि आम्हाला त्याचे काही वाटतही नव्हते.

उत्तर : शून्यापासून मोजा

पट्ट्यांची अडचण तुमच्या प्रोग्राममधील चूक नाही. तो साधा हिशेब आहे, आणि तुम्ही हिशेबाच्याच कामात असल्यामुळे तो मांडून दाखवतो.

एक लाल आणि एक पांढरा पट्टा मिळून तुमची नक्षी दर २ मीटरनी पुन्हा सुरू होते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे येतात. दोन चित्रांच्या मधल्या वेळात गाडी १ मीटर पुढे गेली, म्हणजे नक्षी नेमकी अर्धी सरकली, तर लालच्या जागी पांढरा आणि पांढऱ्याच्या जागी लाल येतो. पट्टा पुढे गेला की मागे आला हे सांगण्याचा कोणताही मार्ग डोळ्याजवळ उरत नाही. सेकंदाला ६० मीटर म्हणजे ताशी २१६ किलोमीटर. तुम्ही लिहिलेला 'सव्वादोनशेच्या आसपास' हा आकडा येथूनच येतो. ताशी २९३ म्हणजे सेकंदाला सुमारे ८१.४ मीटर, अर्थात एका चित्रामागे साधारण १.३६ मीटर. डोळा नेहमी जवळचा अर्थ लावतो, त्यामुळे नक्षी १.३६ मीटर मागे आली असे न वाटता ०.६४ मीटर पुढे गेली असे वाटते. चित्रपटात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यातलाच हा प्रकार आहे.

उपाय अगदी सोपा आहे. पट्टे ३-३ मीटरचे करावेत. मग नक्षी ६ मीटरची होईल आणि उलटे सरकणे सुरू होण्याची मर्यादा ताशी ६४८ किलोमीटरवर जाईल, जेथे तुमची गाडी पोहोचणार नाही. पट्टे लांब केल्यावर वेग कमी झाल्यासारखा वाटला तर कॅमेरा रस्त्याच्या थोडा जवळ आणावा आणि कडेला वस्तू वाढवाव्यात. वेगाची जाणीव मुख्यतः जवळून सटकन जाणाऱ्या वस्तूंमुळे होते, वेगाच्या आकड्यामुळे नव्हे.

मित्राच्या पडद्याविषयी. तुम्ही 'दर चित्राला गाडी इतकी पुढे न्यावी' असे लिहिले असणार, आणि उलटी मोजणी मात्र घड्याळावरून चालवली असणार. १४४ भागिले ६० म्हणजे २.४, त्याची गाडी तुमच्यापेक्षा २.४ पट वेगाने धावते, पण त्याचे घड्याळ तुमच्याइतकेच चालते. वेळ शिल्लक राहील नाही तर काय. गाडीची हालचाल पडद्यापासून तोडावी. मागच्या चित्रापासून किती वेळ गेला तो मोजून एका डब्यात, म्हणजे साठवून ठेवलेल्या एका आकड्यात, टाकत जावा. डब्यात सेकंदाचा साठावा भाग भरला की हालचालीची एक पायरी चालवावी आणि तेवढा वेळ डब्यातून काढून घ्यावा. पडदा ६० चा असो वा १४४ चा, सेकंदाला पायऱ्या साठच होतील. चित्र काढताना डब्यात उरलेल्या वेळाच्या प्रमाणात, मागच्या आणि आताच्या पायरीच्या मधली जागा दाखवावी, अन्यथा मित्राला हालचाल अडखळल्यासारखी दिसेल.

एक खबरदारी मात्र घ्यावी. खेळणाऱ्याने मध्येच दुसरा टॅब उघडला तर ब्राउझर तुमच्या खेळाला चित्र काढण्यासाठी बोलावणे थांबवतो. तो दहा मिनिटांनी परत आला की डब्यात एकदम दहा मिनिटे पडतात आणि छत्तीस हजार पायऱ्या एका दमात चालतात. एका वेळी पाव सेकंदापेक्षा अधिक वेळ डब्यात टाकू नये. हे मी स्वतः भोगलेले आहे. माझ्या खेळातली गाडी मी चहा घेऊन येईपर्यंत नकाशाच्या बाहेर गेलेली असे.

उत्तर : सुरत रोड

भाच्याची बाजू मांडणारे येथे कोणी दिसत नाही, म्हणून मी मांडतो.

१९८६ साली ओळी-ओळींनी रस्ता काढण्याची ही युक्ती वापरली गेली ती हौसेने नव्हे. त्या यंत्रात मोटोरोला ६८००० जातीचे दोन प्रोसेसर होते, पडदा ३२० गुणिले २२४ ठिपक्यांचा होता, आणि रस्ता काढण्यासाठी वेगळे सर्किटच बसवलेले होते. झाडे, फलक आणि इतर गाड्या ही सपाट चित्रे असून ती अंतरानुसार लहान-मोठी केली जात. आज साध्या मोबाइलची ताकद त्या यंत्राच्या कित्येक पट आहे. मग जुन्या यंत्राची लंगडी चाल आपण का चालावी?

आणि तुमच्या नकाशात तर खरी अडचण पुढेच आहे. तोरणमाळला जाताना रस्ता अक्षरशः उलट फिरतो. खालून चढून आलेली वाट वरून दिसते. ओळी-ओळींच्या पद्धतीत पडद्यावरच्या प्रत्येक आडव्या ओळीला एकच अंतर असते, त्यामुळे रस्ता वळून स्वतःकडे परत येताना दाखवताच येत नाही. तेथे फक्त डावीकडे किंवा उजवीकडे झुकणे असते. म्हणजे ज्या ठिकाणाचे आकर्षण आहे तेथील खरा घाट तुम्हाला कधीच काढता येणार नाही. त्रिमिती इंजिनात तो निमूटपणे येतो, झाडे घाटाआड आपोआप लपतात आणि घसरण्याचे भौतिकशास्त्रही तयार मिळते. दीड वर्ष गेले म्हणून आणखी दीड वर्ष घालवू नये, एवढेच म्हणणे आहे.

उत्तर : फैजपूरची मास्तरीण

'सुरत रोड' यांचा तोरणमाळविषयीचा मुद्दा तंतोतंत खरा आहे आणि तो कोणीतरी मांडायलाच हवा होता. निष्कर्ष मात्र मला पटत नाही, कारण प्रश्नकर्त्यांना तोरणमाळचा नकाशा करायचा नसून 'आउटरन'सारखा खेळ करायचा आहे. मूळ खेळाचे रचनाकार यु सुझुकी यांनी तयारीसाठी युरोपात मोटारीने प्रवास केला होता, पण पडद्यावर त्यांनी आणली ती त्या प्रवासाची चव होती. तेथील कोणताही रस्ता त्यांनी मोजून उतरवलेला नाही.

ही पद्धत मी विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून तिच्या मुळाशी थोडे थांबते. रस्ता सपाट आहे असे धरले तर पडद्यावरची ओळ क्षितिजाच्या जितकी खाली, त्याच्या व्यस्त प्रमाणात तिचे अंतर असते. पडदा २२४ ओळींचा आणि क्षितिज बरोबर मध्यावर धरले तर खाली ११२ ओळी उरतात. सर्वांत खालच्या ओळीचे अंतर १ मानले, तर क्षितिजाखालच्या ५६ व्या ओळीचे अंतर २, २८ व्या ओळीचे ४, आणि क्षितिजाला लागून असलेल्या ओळीचे ११२ होते. याचा अर्थ रस्त्याच्या चित्राचा खालचा अर्धा भाग केवळ पहिल्या एका एककाने व्यापलेला असतो, आणि उरलेला सगळा रस्ता, म्हणजे शंभराहून अधिक एकके, वरच्या अर्ध्यात दाटीने बसतात. त्यामुळे दूरच्या ओळींवर पट्टे रंगवू नयेत, ते नुसते लुकलुकतात. तेथे रस्त्याचा रंग हळूहळू मातीच्या रंगात मिसळू द्यावा. खुद्द क्षितिजाच्या ओळीवर हे सूत्र वापरू नये, कारण तेथे भागाकार शून्याने होतो. ज्या राशीच्या छेदस्थानी शून्य येते तिला भास्कराचार्यांनी 'खहर' म्हटले आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला. तुमच्या खेळाचा एक शेवट पाटणादेवीला होतो, हा योगायोग मला फार आवडला.

आता लळिंगच्या झाडांकडे वळू. रस्त्याचे खंड, म्हणजे लहान लहान तुकडे, तुम्ही जवळून दूर या क्रमाने काढत असाल. काढताना आतापर्यंत सर्वांत वरची कोणती ओळ गाठली हे लक्षात ठेवावे. पुढचा खंड त्या ओळीच्या खाली पडत असेल तर तो चढाआड आहे, तो सोडून द्यावा. हे तुम्ही केले असणार, म्हणूनच रस्ता लपतो. चूक बहुधा पुढे आहे. झाडे नंतर, दुरून जवळ या क्रमाने काढली जातात आणि तोपर्यंत ती ओळ विसरली गेलेली असते. प्रत्येक खंडाजवळ, त्याची पाळी आली तेव्हा ती ओळ कोठे होती, याची नोंद करून ठेवावी, आणि त्या खंडावरचे झाड काढताना त्या ओळीच्या खालचा भाग कापून टाकावा. मग चढाच्या माथ्यावर आधी लिंबाचा शेंडा दिसेल आणि गाडी वर चढत जाईल तसतसे खोड उघडे पडेल. हे दृश्य एकदा जमले की इंजिन बदलण्याचा विचार मनात येणार नाही, अशी माझी खात्री आहे.

घसरण्याचे कारण असे दिसते की, वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा आकडा तुम्ही कायमचा ठेवला आहे. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असावा. ताशी २८० ला जितका धक्का बसतो त्याच्या एक चतुर्थांश ताशी १४० ला बसेल आणि उभ्या गाडीला मुळीच बसणार नाही. कमाल वेगाला तीव्र वळण घेता येऊ नये, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलला तर घेता यावे, इतका तो आकडा जुळवून घ्यावा. हे कागदावर जमत नाही, खेळूनच ठरवावे लागते. त्याबरोबर वळणाची तीव्रता एकदम न बदलता काही खंडांवरून चढत आणि उतरत न्यावी.

तोरणमाळसाठी थोडी लबाडी करावी. एका बाजूला कडा उभा करून पुढचे दिसणे तोडावे, वळण शक्य तितके तीव्र ठेवावे, आणि त्याच वेळी मागचे सातपुड्याचे चित्र नेहमीच्या दुप्पट वेगाने आडवे सरकवावे. खेळणाऱ्याला आपण पूर्ण फिरलो असेच वाटते.

शेवटी एक न विचारलेली गोष्ट. तुम्ही दिलेल्या दुव्यावरचा खेळ मी पाहिला. त्यातील लाल उघड्या गाडीचे चित्र आणि सुरुवातीची धून मूळ खेळातूनच उचललेली आहे. खेळाची कल्पना, म्हणजे फाटे, टप्पे आणि उलटी मोजणी, यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो. केवळ कल्पनेला संरक्षण नाही, तिच्या प्रत्यक्ष मांडणीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. परंतु चित्रे आणि संगीत ही मांडणीच आहे, आणि नाव व गाडीचे बोधचिन्ह हा ट्रेडमार्कचा विषय आहे. खेळ फुकट देत आहोत म्हणून ही अडचण टळत नाही. गाडीचे चित्र स्वतः काढावे आणि नावही वेगळे ठेवावे.

उत्तर : भुसावळकर

ताईंनी सांगितल्याप्रमाणे गाडी बदलायचीच असेल तर काळीपिवळी घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. मागे तिघे लटकलेले असावेत, टपावर केळीचे घड असावेत, आणि आदळल्यावर ते घड रस्ताभर पसरावेत. ताशी २९३ या वेगाचे समर्थन कसे करायचे ते प्रश्नकर्त्यांनी पाहावे. आमच्याकडचे काही चालक मात्र त्याला आक्षेप घेणार नाहीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : पांझराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर बसून बहुतेक सूचना अमलात आणल्या. पट्टे ३ मीटरचे केल्याबरोबर उलटे सरकणे थांबले. हालचाल डब्याच्या पद्धतीने केल्यावर जळगावच्या मित्राचा सर्व पराक्रम संपला. तो आता सोनगीरच्या पुढे जात नाही आणि पडदा खराब झाल्याची तक्रार करतो. झाडांची चूक ताईंनी प्रोग्राम न पाहता सांगितली तशीच निघाली. शेंडा आधी आणि खोड नंतर दिसताना पाहून मी घरच्यांना उठवून तो घाट दाखवला, तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते, त्यामुळे अपेक्षित कौतुक झाले नाही.

'सुरत रोड' यांचा मुद्दा मी दुर्लक्षित केलेला नाही. तोरणमाळचा टप्पा ताईंच्या लबाडीने केला आहे. तो खरा घाट नाही हे मान्य, परंतु भाच्याला न सांगता खेळायला दिला तेव्हा त्याने चौथ्या वळणानंतर 'किती उरले अजून?' असे विचारले, ते मला पुरेसे वाटले. काळीपिवळी काढली आहे. आमच्या गल्लीतील बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाने दोन मिनिटांची धून स्वतः बसवून दिली आणि ती वापरण्याची परवानगी कागदावर सही करून दिली. ती धून एमपी३ मध्ये ठेवली असता प्रत्येक फेरीच्या सांध्यावर क्षणभर शांतता पडते.

एक शंका उरली आहे. धुळे–शिरपूर टप्प्यात सावळद्याच्या तापी पुलावर येईपर्यंत वेळ संपतो. मला दहापैकी आठ वेळा दोन-तीन सेकंद कमी पडतात. वेळ वाढवावा का?

उत्तर : शून्यापासून मोजा

एमपी३ करताना धूनीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते, तीच सांध्यावर ऐकू येते. मूळ ध्वनिमुद्रण ऑग व्हॉर्बिस या दुसऱ्या ध्वनिप्रकारात पुन्हा जतन करावे. आधीच्या एमपी३ वरून करू नये, नाहीतर ती शांतताही सोबत येईल.

उत्तर : भुसावळकर

वेळ वाढवू नये. आज दुपारी चार वेळा खेळलो. पहिल्या तिन्ही वेळा पुलाआधीच्या कापसाच्या ट्रॅक्टरला मी डावीकडून ओलांडायला गेलो आणि कठड्यावर आदळलो. चौथ्या वेळी त्याच्या मागे थांबून, खालच्या गिअरवर येऊन उजवीकडून काढली, तेव्हा पूल ओलांडून एक सेकंद उरला होता. वेळ बरोबर आहे; ट्रॅक्टर मात्र अजून हातभर डावीकडे घ्यावा, कारण उजव्या बाजूला सध्या काळीपिवळीच्या मागे लटकलेल्यांना जागा राहत नाही.